नाल्यात पडलेलं झाड काढायचं की राहू द्यायचं?

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. विषय जरा येडपट वाटेल, पण दिवाळीपासून डोक्यातून जात नाही.

काटोल तालुक्यात आमचं वडिलोपार्जित वावर आहे. अर्ध्यात संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. मी नागपुरात राहतो, वावर चुलतभाऊ पाहतो. खालच्या अंगाला नाला आहे. (पुण्याकडचे वाचक त्याला ओढा म्हणतील. आमच्याकडे नालाच. नाला म्हटलं की शहरातल्या माणसाचा हात नाकावरच्या रुमालाकडे जातो, त्याला इलाज नाही.)

लहानपणी त्या नाल्यात दिवाळीनंतरही पाणी असायचं, आम्ही गळ टाकून बसायचो. सात-आठ वर्षांपूर्वी खोलीकरण झालं. दोन दिवस मशीन चाललं, वळणं गेली, नाला पट्टीनं आखल्यासारखा सरळ झाला. पहिल्या वर्षी काठोकाठ पाणी पाहून सगळे खूश. आता पाऊस उघडला की चार दिवसांत नाला कोरडा. काठ उभे कापलेले, दर पावसाळ्यात हातभर ढासळतात. काठालगतची संत्र्याची दोन झाडं त्यातच गेली.

मागच्या जूनच्या वादळात काठावरचा कहू मुळासकट आडवा झाला. कहू म्हणजे अर्जुन. खोड कवेत मावणार नाही एवढं, मुळं या काठाला आणि शेंडा त्या काठाला. भाऊ म्हणाला, जेसीबी बोलावून ओढून काढतो. जेसीबीवाल्याचा फोन लागला नाही. मग पेरणी आली, मग पाऊस आला आणि झाड तिथंच राहिलं.

दिवाळीला गेलो तेव्हा वर आणि खाली दोन्हीकडे नाला कोरडा ठाक. फक्त त्या झाडाशी पाणी! खोडाच्या वरच्या बाजूला रेती आणि गोटे बसून पायरी झालेली. पाणी खोडावरून उडी मारून जिथं पडलं तिथं डोह. वेळूची काठी घातली तर माझ्या कमरेच्या वर ओली झाली. डोहात बोटाएवढे मासे, मुळांच्या कपारीत खेकडा. मुळांच्या जाळीत पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), पळसाची पानं, एका पायाची चप्पल आणि खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या, मोजल्या तर सतरा. आमच्या गावाची सगळी हकीकत त्या मुळांत अडकली होती.

डाव्या काठाला मात्र पाण्यानं वळसा घालून दोन हात माती नेली. भाऊ त्यावरून अजून टोमणे मारतो.

असं कोणी मुद्दाम करतं का? की मी दिवाळीचा फराळ जास्त खाल्ला?

तर्रीपोहा | रविवार, रात्री ९:३१

म्हणजे जेसीबीवाल्याचा फोन लागला नाही म्हणून मासे वाचले! त्याचा सत्कार करा राजेहो, शाल-श्रीफळ देऊन.

बाकी आमच्याकडे उलटंच चालून राहिलं. काडी दिसली नाल्यात की काढ, झुडूप दिसलं की काढ. नाला कसा, टकल्यासारखा चकचकीत पाहिजे.

सातासमुद्रापलीकडे | सोमवार, सकाळी ७:०५

भाऊ, फराळ बेतानंच खाल्ला आहे तुम्ही. मी मूळ नागपूरच्या महाल भागातला, सध्या अमेरिकेत ओरेगॉनात, आणि इथं हे मुद्दाम करतात. हेलिकॉप्टरनं झाडं उचलून नदीत ठेवताना मी स्वतः पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं, या लोकांना पैसा उतू चालला.

मागची गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकापासून इथं जंगलतोड जोरात. ओंडके वाहून न्यायला ओहोळांवर तात्पुरते लाकडी बांध घालायचे, मागे पाणी आणि ओंडके साठवायचे, मग बांध एकदम फोडायचा. तो लोंढा नदीचा तळ खडकापर्यंत खरवडून न्यायचा. पुढं १९५० ते १९७० च्या दशकांत दुसरी टूम निघाली: नदीत पडलेली झाडं सामन (सॅल्मन) माशाची वाट अडवतात, म्हणून नद्या साफ करा. मासेवाल्या खात्यांनीच साफ केल्या, आणि अगदी चांगल्या हेतूनं. मग लक्षात आलं की साफ केलेल्या नद्यांत डोह उरले नाहीत, गोटे उरले नाहीत, आणि सामन तर गोट्यांतच अंडी घालतो. म्हणजे ज्याच्यासाठी साफसफाई केली त्याचंच घर मोडलं.

ओरेगॉनातच एच. जे. अँड्र्यूज नावाचं प्रायोगिक जंगल आहे, १९४८ पासूनचं. ओहोळातलं लाकूड नेमकं काय काम करतं याचा पुष्कळ अभ्यास तिथं झाला. तिथंच १९८५ मध्ये जमिनीवर पाचशेच्या वर ओंडके मांडून ठेवले आहेत, ते कसे कुजतात ते पाहायला. प्रयोगाची मुदत किती? २०० वर्षं. सुरू करणाऱ्याला निकाल दिसणार नाही हे ठरवूनच सुरू केलेला प्रयोग.

तुमच्या कहूनं जे केलं ते पुस्तकात लिहिल्याबरहुकूम आहे. वर रेती-गोटे थांबवले, खाली डोह खणला, पानं अडवली. ती पानं कुजतात, त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे. खर्र्याच्या पन्न्यांचा उल्लेख मात्र इथल्या पुस्तकांत नाही.

अंबाझरी_लेआउट | सोमवार, सकाळी ८:४८

वाचून संताप आला, स्पष्टच लिहिते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांनी आमच्या गल्लीत काढली नाही त्यांनी नदीत लाकडं टाकायच्या गोष्टी करू नयेत. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि आम्ही जागे झालो तेव्हा पलंगाखाली पाणी होतं. सासूबाईंना स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं. फ्रिज तरंगत दारापाशी आला. उजाडल्यावर पाहिलं तर पुढच्या पुलाच्या कठड्याला एक अख्खं झाड अडकलेलं, त्याला गाद्या, प्लास्टिक, कुणाचा तरी स्कूटर. तुमचं ते डोह, मासे सगळं गोड आहे. आमच्याकडे झाड पुलात अडकलं की पाणी घरात येतं.

तर्रीपोहा | सोमवार, सकाळी ९:१५

ताई बरोबर म्हणून राहिल्या. मी वरची मस्करी मागे घेतो.

निवृत्त_उपअभियंता | सोमवार, दुपारी १२:२०

अंबाझरीच्या ताईंचा राग रास्त आहे आणि धाग्यातला प्रश्नही रास्त आहे, कारण या दोन वेगळ्या जागा आहेत. मी तीस वर्षं मृदसंधारणाची कामं केली, त्यातून सांगतो.

नाग नदी नागपूर शहरात भिंतींच्या मध्ये वाहते. तिला पसरायला जागा नाही, दर फर्लांगावर पूल आहे. तिथं पावसाळ्याआधी लाकूड काढलंच पाहिजे, त्यात वाद नाही. वर रानातला नाला, पहिल्या-दुसऱ्या दर्जाचा ओहोळ, म्हणजे अगदी उगमाकडचा बारीक प्रवाह, ही निराळी गोष्ट. तिथं पाण्याला जेवढा वेळ अडथळा, तेवढं ते शहरात उशिरा पोचतं.

इंग्लंडात उत्तर यॉर्कशायरमध्ये पिकरिंग नावाचं गाव आहे. २००७ साली तिथं मोठा पूर आला. शहरात भिंती बांधायचं काम परवडेना, म्हणून वरच्या जंगलातल्या ओहोळांत ओंडक्यांचे दीडशेच्या वर झिरपते बांध घातले. झिरपते म्हणजे तळाशी फट ठेवलेले. रोजचं पाणी खालून निघून जातं, पूर आला तरच ओंडका आडवा येतो. सोबत सुमारे १,२०,००० घनमीटर पाणी थोपवणारा मातीचा मोठा बांधही घातला. नुसत्या लाकडांनी गाव वाचलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ओंडके आणि मातीचा बांध मिळून ते काम झालं.

आता तुमच्या नाल्याबद्दल. खोलीकरणानं वळणं गेली, म्हणजे तेवढाच उतार कमी लांबीत आला. पाण्याचा वेग वाढला. वेगानं तळ आणखी खाली गेला, तळ खाली गेला म्हणून काठ उभे राहिले, आणि उभे काठ ढासळणारच. त्यात एक गोष्ट लोक विसरतात. तुमच्या काठच्या मातीत जे पाणी मुरलेलं असतं ते खोल नाल्याकडे पाझरून निघून जातं. नाला जितका खोल, तितकी काठची जमीन लवकर कोरडी. खोलीकरणासाठी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा दाखला सगळे देतात, पण तिथं खोल-रुंद नाल्याबरोबर सिमेंटच्या बंधाऱ्यांची मालिका होती, आणि तापीकाठची जमीनही वेगळी. आपल्याकडे काटोल-कळमेश्वरच्या बाजूला काळा पाषाण, वर थोडा मुरूम. बंधारे वगळून फक्त खोदकाम उचललं की नाल्याचा पाट होतो.

तुमच्या कहूनं तो उतार एका जागी पायरीत मोडला. आमच्या खात्यात हेच काम अनगड दगडी बांध करतो, आणि जिथं दगड नाही तिथं खुंट ठोकून मध्ये झाडोरा भरलेला काटक्यांचा बांध. नवीन काही नाही. फक्त आम्ही ते डोंगरउताराच्या घळीत करायचो. नाल्यात पडलेलं झाड आपण होऊन तेच करतंय हे मलाही नोकरीत असताना सुचलं नाही. मीच कितीतरी झाडं ओढून काढायला लावली. अंदाजपत्रकात 'नाला सफाई' अशी ओळ असायची, आणि ओळ असली की काम होतं.

गोगलगाय | सोमवार, दुपारी १:०२

साहेब, माहितीपूर्ण. धुऱ्यावरचे, एक शंका: विहिरीला काही फरक?

धुऱ्यावरचा | सोमवार, दुपारी २:४०

भाऊ म्हणतो विहिरीत यंदा पाणी जास्त टिकलं. पण पाऊसही यंदा जास्त होता, त्यामुळे श्रेय झाडाला द्यायला माझी जीभ रेटत नाही.

निवृत्त_उपअभियंता | सोमवार, दुपारी ३:१०

नका देऊ. एका खोडानं विहीर भरत नाही. अशा दहा-बारा पायऱ्या ओळीनं झाल्या, तळ दोन-तीन पावसाळ्यांत वर आला, तर बोलू.

मास्तरीणबाई | सोमवार, रात्री ८:२६

मी हिंगणा तालुक्यात शाळेवर आहे. तुम्ही सगळे पाण्याचं बोलताय, चुलीचं कुणीच बोललं नाही.

आमच्या गावात वाळकं लाकूड चार दिवस जागेवर राहत नाही. सिलिंडर घरोघरी आहे, पण ते चहाला आणि पाहुण्याला. आंघोळीचं पाणी, गुरांचा भरडा, भाकरी, सगळं चुलीवर. सकाळी बाया विळा-कुऱ्हाड घेऊन निघतात आणि दुपारी डोक्यावर मोळी. नाल्यात पडलेलं झाड म्हणजे वनखात्याची कटकट नसलेलं सरपण. ओरेगॉनातल्या ओंडक्याला दोनशे वर्षं मिळत असतील, आमच्याकडच्याला संक्रांत मिळाली तरी पुष्कळ.

आमच्या शाळेमागच्या नाल्यात करंजाचं झाड पडलं होतं. मी बायांशी बोलले. फांद्या, डहाळ्या सगळ्या तुमच्या, बुंधा आणि मुळं राहू द्या, पोरांना मासे दाखवायचेत. एक आजी म्हणाली, "मास्तरीण, बुंधा फोडायला तसंबी कोन बसते, आमाले काड्याच पाह्यजे." दोन वर्षं झाली, बुंधा आहे. कुऱ्हाडीचे दोन-चार घाव आहेत त्यावर, पण आहे.

सातासमुद्रापलीकडे | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, एक नंबर! इथल्या कुठल्याही आराखड्यात चूल नसते, आणि आपल्याकडे सुरुवातच तिथून करावी लागेल.

योगायोग म्हणजे तुमच्या आजींची वाटणी शास्त्राला धरून आहे. डहाळ्या गेल्या तरी चालतं. टिकतो तो मुळांच्या गड्ड्यासकट असलेला बुंधा, कारण गड्डा नांगरासारखा तळात रुततो. इथला साधा हिशेब असा: खोडाची लांबी नाल्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट असली तर ते सहसा जागा सोडत नाही. त्यापेक्षा आखूड तुकडे पुरात निघतात आणि खालच्या पुलाला जाऊन बसतात. म्हणजे ओंडक्याचे तुकडे करून नाल्यात सोडणं सगळ्यात वाईट. एक तर अख्खं ठेवा, नाही तर अख्खं बाहेर काढा.

आणखी एक. इथं अलीकडे क्रेन-हेलिकॉप्टर न वापरता हातानं करायच्या पद्धतीही रूढ होत आहेत. तळात लाकडी खुंट ठोकायचे, मध्ये फांद्या, माती, गोटे गुंफायचे. ओरेगॉनातल्या ब्रिज क्रीकवर असे खुंट ठोकले, मग बीव्हरनं त्यावर आपले बांध घातले. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून नदी अडवणारा प्राणी. खाली गेलेला तळ तिथं पुन्हा वर येऊ लागला, मासे वाढले.

तर्रीपोहा | मंगळवार, सकाळी ८:०३

आपल्याकडे बीव्हर नाही, जेसीबी आहे. तो उलट्या डोक्याचा बीव्हर.

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ९:४४

एक मूलभूत शंका. ओरेगॉनातल्या नद्या बारमाही, थंड. लाकूड कायम पाण्यात राहिलं तर टिकतं हे समजतं. आपला नाला चार महिने ओला, आठ महिने वाळलेला. लाकडाला याहून वाईट काही नाही. त्यात उधई, म्हणजे वाळवी. गुलमोहराचा ओंडका तर दुसऱ्या वर्षी हातानं चुरा होतो. मग ही सगळी मेहनत कशासाठी?

निवृत्त_उपअभियंता | मंगळवार, सकाळी ११:३०

शंका अगदी नेमकी. म्हणूनच मी बाहेरून झाडं आणून टाकायच्या विरोधात आहे. बाभळीचं काळं गर्भाचं लाकूड बरंच टिकेल, साग टिकेल (पण साग नाल्यात कोण ठेवील, रात्रीतून जाईल), गुलमोहर-सुबाभूळ नाहीच. पण लाकडाला कायमचं टिकायचं नसतंच. पाच-सहा वर्षांत त्यामागे गाळ बसतो, गाळावर करंज, जांभूळ, उंबर, कहू रुजतात, त्यांची मुळं काठ धरतात. पुढं त्यांतलंच एखादं पडतं. काठाला झाडं असतील तर लाकूड येत राहील. काठ बोडके असतील तर तुम्ही ट्रकनं ओंडके आणले तरी तो खेळ दोन वर्षांचा.

अंबाझरी_लेआउट | मंगळवार, दुपारी ४:१५

काल जरा जास्त बोलले. पण प्रश्न अजून तोच आहे. समजा गोरेवाड्याच्या जंगलातल्या ओहोळांत झाडं राहू दिली. ती सुटली तर खाली पिवळी नदीच्या काठावर माझ्यासारखीच माणसं राहतात.

निवृत्त_उपअभियंता | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

मध्ये गोरेवाडा तलाव आहे, त्यामुळे वरून सुटलेलं लाकूड आधी तलावात येईल. पण म्हणून निश्चिंत राहता येत नाही, ते सांडव्यावर जाऊन बसलं तर भलताच घोळ. म्हणून पुलाच्या, रपट्याच्या (ठेंगण्या पुलाच्या) किंवा सांडव्याच्या लगत वर काहीही ठेवायचं नाही. लांब, अगदी वरच्या ओहोळातच ठेवायचं. आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुणीतरी चालत जाऊन बघायचं. आपल्याकडे बांधायला माणसं मिळतात, बघायला मिळत नाहीत.

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री १०:२०

साहेब, मग माझ्या डाव्या काठाचं काय? आणि पूर वावरात चढला तर कपाशी जाईल, हा भावाचा मुद्दा. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

निवृत्त_उपअभियंता | बुधवार, सकाळी ७:४५

तुमच्या वर्णनावरून खोडाचा शेंडा डाव्या काठाला उंचावर टेकलेला असावा. पाण्याला मधून वाट नाही, म्हणून त्यानं बगल दिली. वरच्या अंगाच्या आडव्या फांद्या छाटा, मधोमध पाणी जाऊ द्या. डाव्या काठाला बाभळीचे खुंट ठोकून त्यात तुरीच्या तुराट्या आणि गोटे भरा. निर्गुडी लावा, गुरं खात नाहीत. खोडाची उंची काठाच्या निम्म्याच्या खाली ठेवा म्हणजे पूर वावरात चढणार नाही. आणि नाला सरकारी असतो. पडलेलं झाड पडून आहे तोवर ठीक, पण नवीन काही बांधायचं तर ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याला आधी सांगा. खालच्या वावरवाल्याला तर सगळ्यात आधी.

धुऱ्यावरचा | तीन महिन्यांनी, शनिवार, रात्री ९:५०

उशिरा कळवतो, माफी असावी.

साहेबांनी सांगितलं तसं फांद्या छाटल्या. छाटताच शेजारच्या दोन घरच्या बाया येऊन मोळ्या बांधून घेऊन गेल्या. मास्तरीणबाईंची वाटणी सांगितली, बुंध्याला कुणी हात लावला नाही. खुंट ठोकताना दोन मोडले, तळाला मुरूम लागला. सब्बलनं (पहारीनं) आधी भोक पाडावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मध्येच गावात पुन्हा खोलीकरणाची बोलणी सुरू झाली. ग्रामसभेत मी उभा राहिलो तर दोघं-तिघं हसले, "झाड वाचवनारा आला." मग भाऊच उठला. तो म्हणाला, आमच्या बांधापुरतं मशीन आणू नका, आम्हाला पाहायचं आहे. त्याला नेमकं काय पाहायचं आहे हे त्यानं मलाही सांगितलेलं नाही. आमचा दोनेकशे मीटरचा तुकडा सुटला, बाकी नाल्याचं नक्की नाही.

डोहात पाणी अजून गुडघ्याएवढं आहे. मासे मोठे झालेत की दुसरेच आहेत, सांगता येत नाही.

अंबाझरी_लेआउट | तीन महिन्यांनी, शनिवार, रात्री १०:१२

बघायला आलं तर चालेल का? मुलीला घेऊन येईन, त्या रात्रीनंतर तिला वाहत्या पाण्याची भीती बसली आहे.

धुऱ्यावरचा | तीन महिन्यांनी, शनिवार, रात्री १०:१९

या ना ताई, विचारता काय. रविवारी सकाळी काटोल रोडनं निघा, फेटरी सुटली की फोन करा. मुलीला जुन्या चपला घालून आणा. काठ अजून भुसभुशीत आहे, उजव्या बाजूनं उतरायचं.